उतार

टेबलावर दोन पत्रं.
एक छापलेलं, दुसरं फोनमध्येच,
कारण दुकानातली शाई पहिल्यावरच संपली.

छापलेलं हॉलंडचं. समुद्राच्या पातळीखाली वसलेलं गाव,
काचेचा स्टुडिओ, यादीत वरचा नंबर,
शिष्यवृत्ती अर्धी.
दुसरं जर्मनीच्या पूर्वेचं,
जिथं कोळसा उकरून उरलेल्या खड्ड्यांत
पाणी सोडतात, आणि धीर धरून
त्याला तळं म्हणू लागतात.
फी नावापुरती. यादीत बोट फिरवत शोधावं लागतं.

मी चियातुराची.
आमच्या गावात मँगनीज धुतात
आणि नदी ते धुणं घेऊन काळी वाहते.
दुसरीत मी ती काळीच रंगवली होती.
बाईंनी माझ्या हातातला खडू काढून
निळा दिला.
तोच निळा पुढे माझ्या अर्जातल्या सगळ्या चित्रांत:
लव्हेंडरचे वाफे, पारदर्शक माणसं,
आमच्या मातीत कधीच न जगणारी झाडं.

हॉलंडवाल्यांनी ती पाहिली, छान म्हणाले.
जर्मनीच्या नोआक बाईंना सर्दी होती.
नाक पुसत त्यांनी विचारलं,
तुमच्या दारासमोरचा उतार किती?
म्हटलं, खूप.
त्या म्हणाल्या, खूप हा आकडा नाही.

मी रात्रभर चिडलेली.
बावीस वर्षं तो उतार माझ्या पोटऱ्यांत आहे,
दुधाच्या किटलीसकट, बर्फासकट,
बाबांचा रोपवे बंद पडायचा त्या दिवसांसकट.
आणि मला तो ठाऊक नव्हता.

सकाळी बाबांनी अंगणातल्या रांजणातून
द्राक्षारस उपसायची नळी काढली.
नळीत पाणी, पाण्यात घोटभर लाल,
दिसावं म्हणून.
एक टोक त्यांच्याकडे वर, एक माझ्याकडे खाली,
मध्ये टेप, खडू, शेजारची कुत्री.
‘हलू नकोस, ताम्ता. पाण्याला बसू दे.’
तीस वर्षं तारेवर डबे सांभाळलेला माणूस
पहिल्यांदाच माझ्या अभ्यासात होता.
मझिया काकू गॅलरीतून ओरडल्या,
ओतार, एवढ्या सकाळी? लग्न ठरलं की काय पोरीचं?

पाच टप्पे. एका पायरीवर चुकलो, पुन्हा केलं.
दहा मीटरला तीन मीटर सत्तर.
एवढासा आकडा.
आजीच्या गुडघ्यांना कुणी आधी सांगायला हवा होता.

मी तो नोआक बाईंना कळवला.
उत्तर एका ओळीचं:
आणि पाणी कुठे जातं?

युट्रेख्टहून ग्वांत्साचा फोन.
वेडी आहेस, इथे ये, इथून पुढे नोकऱ्या आहेत,
त्या खड्ड्यांच्या गावात संध्याकाळी सहाला पाव मिळत नाही.
ती खोटं बोलत नव्हती.
आई काहीच बोलली नाही,
तिने फक्त दोन्ही गावांचं भाडं एका कागदावर मांडलं
आणि कागद माझ्या बशीखाली ठेवला.

शेवटची तारीख पावसाची निघाली.
मी छत्री न घेता दारात उभी,
पन्हळीचं पाणी पायऱ्यांवरून उतरलं,
मझिया काकूंच्या भिंतीशी अडलं,
भिंतीखालून वाट काढून
शाळेच्या मागे गेलं, काळ्या ढिगाऱ्यातून,
आणि नदीला मिळालं तेव्हा
नदीच्याच रंगाचं झालेलं.
बावीस वर्षं मी त्याच्या बाजूने चालले होते,
मागोमाग कधी गेले नव्हते.

होकार दोन ओळींत लिहिला.
नकाराला मात्र रात्र गेली.
त्या काचेच्या स्टुडिओचा
काही दोष नव्हता, तेच नीट लिहिता येईना.

नळी अजून खिळ्याला टांगलेली आहे.
तोंडं बांधायची राहिली.
आत लालसर पाणी, दोन्हीकडे सारख्या उंचीवर.
बाबा म्हणतात, राहू दे,
द्राक्षं ऑक्टोबरात.
तेव्हा मी इथे नसेन,
हे दोघांनाही आत्ताच आठवतं
आणि आम्ही कुत्रीला हाका मारू लागतो.